कोरडा हौद आणि पहिलीतले वीर

चावीवाल्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चूळ भरायचा, छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकायचा आणि निघायचा. जुन्या वस्तीतलं पाणी सोडणं आणि बंद करणं हे त्याचं काम. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत अडकवायची, व्हॉल्व्ह फिरवायचा. सांगायला सोपं आहे. एक जाम व्हॉल्व्ह फिरवून बघा, खांदे दोन दिवस बोलतात. मी त्याच पाणीखात्यात फिटर होतो.

तो भित्रा होता. चेष्टेनं म्हणत नाही, तो स्वतःच सांगायचा. कुत्रं गुरगुरलं की गल्ली बदलायचा. बंद कारखान्यावरून जाताना गाणं म्हणायचा, तेही बेसूर. पण ही भीती रविवारी कामाला यायची.

रविवारी दुपारी आम्ही त्याच्या ताईच्या खोलीवर खेळायला जमायचो. ताई, बेकरीवाला आणि मी. खेळाला पट नाही, पत्ते नाहीत. आम्ही तिघं तीन वीर, चावीवाला सूत्रधार. तो गोष्ट सांगत न्यायचा आणि अडचण उभी करायचा. आपण काय करतो ते आम्ही सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. जादूगार, राक्षस, तलवारी सगळं त्यात. नियमांचं पुस्तक त्याला रद्दीत मिळालं होतं. गोष्टी मात्र त्यात नव्हत्या.

शिवाय आमचे वीर अगदीच नवखे. बेकरीवाला म्हणायचा, आपण अजून पहिलीत आहोत, ड्रॅगन दहावीला. उंदीर दोनदा चावला तरी आमच्यातला एखादा आडवा व्हायचा. अशांना डोंगरात पाठवून भागत नाही. त्यांना शहरातलीच किरकोळ कामं लागतात. कुणाचं हरवलेलं शोधून दे, कुणाच्या तळघरात काय वाजतंय ते बघ. अशी कामं दर आठवड्याला आणायची कुठून?

चावीवाला ती पहाटेच्या फेरीत शोधायचा. त्याचं गणित सरळ होतं. जिथे माझ्यासारख्याला पळावंसं वाटतं, तिथे पहिलीतल्या वीराचं काम असतं, म्हणायचा. मानेवरचे केस उभे राहिले की पाय रोवायचा, जागा नीट बघून घ्यायचा आणि मगच पळायचा. एका रिकाम्या घराचं दार कायम आतून बंद असे. त्याचं खेळात सावकाराचं तळघर झालं. एका गल्लीतला दिवा तो जवळ गेला की विझायचा. तिथे आम्ही उजेड खाणारं भूत पकडलं.

मग त्याला कोरडा हौद सापडला.

हौद जुन्या पंपघराच्या भिंतीपलीकडे. मोठी पाइप आतून धुवायची असली की गढूळ पाणी त्यात सोडायचं, एरवी तो रिकामा. खोल, आत उतरायला भिंतीत लोखंडी कड्या. झाकण कधीच चोरीला गेलेलं. चावीवाला तिथे एकदाच डोकावला होता.

खेळात त्याने सांगितलं, हौदाच्या तळाशी कुणीतरी ठोकतंय. दोन ठोके, थांबून एक. ताईचा वीर खाली उतरला. फासा वाईट पडला. कडी निसटली, वीर तळाशी, दिवा विझला. हाताला भिंतीतलं एक दार लागतंय, असं म्हणून चावीवाल्याने खेळ थांबवला. त्याला लवकर झोपायचं असायचं.

ताई भडकली. दार कोणत्या बाजूला? पुढच्या रविवारी, तो म्हणाला. मग निदान वास तरी सांग कसला येतो. इथे तो चुकला. खरा वास सांगितला. गंज, शेवाळ आणि ओलं गोणपाट.

ताई पोती शिवायच्या गोदामात कामाला होती. गोदाम पंपघराला लागून. वास तिच्या रोजच्या ओळखीचा. आणि हरायची तिला सवय नव्हती. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती ते दार बघायला हौदात उतरली. एकटी, कुणाला न सांगता.

त्याच दुपारी पाइप धुवायची होती. भिंतीच्या अलीकडे चावीवाल्याने व्हॉल्व्हला चावी लावली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. व्हॉल्व्ह करकरला, सुटला. पाणी धावल्याचा आवाज आला आणि लगेच ठोके ऐकू आले.

पाणी सुटलं की पाइप वाजतेच. मी चावी सोडली नाही. त्याने सोडली. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"ऐकलंस?"

"पाइप आहे."

"पाइप थांबून थांबून वाजत नाही."

मी कान दिला. दोन ठोके, थांबून एक. आपल्याच गोष्टीला घाबरलास, असं मी म्हणणार होतो, पण माझ्याच अंगावर काटा आला. चावीवाल्याचे पाय फाटकाकडे वळले, हे मी पाहिलं. दोन पावलं गेलाही. तिथून परत आला आणि चावीला लोंबकळला.

"बंद कर. आधी बंद कर."

वाहत्या पाण्यावर व्हॉल्व्ह बंद करणं उघडण्याच्या दुप्पट जड. आम्ही अंगाचं वजन टाकून फिरवत होतो आणि पलीकडचे ठोके हळू होत होते. मग थांबले.

भिंत त्याने कशी ओलांडली मला ठाऊक नाही. मी पोचलो तेव्हा तो हौदात अर्धा उतरला होता. खाली ताई गळ्यापर्यंत पाण्यात, पाइपला मिठी मारून, हातात दगड. कडी निसटून तिचा पाय मोडला होता. खालून ओरडलेलं भिंतीपलीकडे पोचत नव्हतं. भावाला कोणती खूण कळेल, ते तिला माहीत होतं.

मी पंपघरातला दोर आणून खाली सोडला. त्याने तो तिच्या काखेखालून बांधला. दात वाजत असताना ती त्याला म्हणाली, "दार नाहीये इथे. थापाड्या."

त्याने गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. वर आल्यावर जमिनीवर बसून राहिला. 

पुढे कितीतरी दिवस तो कुठलाही व्हॉल्व्ह फिरवण्याआधी रस्त्यावर पालथा पडून चेंबरला कान लावायचा. लोक हसायचे. रविवार बंद पडले. शेवटी प्लास्टरमधल्या ताईनेच आम्हाला बोलावून घेतलं आणि त्याला सुनावलं.

"माझा वीर अजून तळाशीच आहे. त्याला वर काढ, मग किती घाबरायचं ते घाबर."

त्याने काढला. त्यानंतर तो फेरीत कामं शोधायचा, पण कुठल्याही जागेचा खरा वास सांगायचा नाही.

हौदाच्या झाकणासाठी त्याने खात्यात विचारलं होतं. होईल, वेळ लागेल, असं उत्तर मिळालं. तेवढा धीर त्याच्यात नव्हता. पगार हातात पडला त्या संध्याकाळी तो सरळ वेल्डरकडे गेला. जाड पत्रा, बिजागऱ्या, कुलपाची कडी. पुढच्या पगारात पंपघरामागचा दुसरा उघडा खड्डा. मग बाजारातला, मग शाळेजवळचा. निवृत्त होईपर्यंत त्याच्या पगारातून झाकणं होत राहिली.