बेळगावच्या आक्का

सरकारी कचेरीत जन्मभर टपालावर शिक्के मारून मी निवृत्त झालो आणि पुढं दोन वर्षांत बायको गेली. तिच्या शिवणाच्या डब्यात क्रोशाची सुई सापडली आणि त्या सुईला लटकलेला अर्धा टेबलक्लॉथ. बेळगावजवळच्या पिरनवाडीतल्या माझ्या घरात दुपारभर करायचं काय, हा प्रश्न होताच. मोबाईलवर बघून बघून मी साखळी शिकलो, खांब शिकलो, मुका खांब शिकलो. साठीतला बाप्या माणूस मांडीवर दोऱ्याचा गुंडा घेऊन बसलाय हे शेजाऱ्यांना दिसू नये, म्हणून खिडकी लावून घ्यायचो. लाज एवढी वाटायची, पण सुई काही हातातून सुटत नव्हती.

मग क्रोशाच्या एका ग्रुपवर शिरलो. माझं नाव बाईलाही चालतं आणि बुवालाही, आणि स्वतःच्या फोटोच्या जागी मी तो टेबलक्लॉथच लावला होता. ग्रुपवर निपाणीकडच्या बोरगावची एक सून होती, पस्तिशीची, दाराची तोरणं फार सुरेख करायची. एकदा तिनं एका फुलाचा नमुना विचारला. मी लिहिलं, "उद्या करून दावतो." तिचं उत्तर आलं, "व्हय आक्का, सवडीनं करा."

पुण्याकडच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही. तिकडची बाई 'करते', 'जाते' म्हणते. आमच्या सीमाभागात पुष्कळ बायकाही 'मी करतो', 'मी जातो' असंच बोलतात. माझी बायको जन्मभर तसंच बोलली. तेव्हा माझ्या लिहिण्यावरून मी पुरुष आहे हे तिला कळायला मार्गच नव्हता. चूक तिची नव्हती आणि त्या दिवशी माझीही नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती सगळी माझी झाली, कारण मी गप्प बसलो.

गप्प का बसलो, तेही सांगतो. ती रोज दुपारी लिहायची, फोन कधी करायची नाही. विणकामाचं लिहायची, मग सासूच्या डोळ्यांचं, नवऱ्याच्या अबोल्याचं, माहेरच्या विहिरीचं. कधी माझी थट्टाही करायची, की आक्का, तुम्ही जेवायला काय केलं ते कधीच सांगत न्हाई, सून हातात आणून देती वाटतं. माझ्याशी दिवसाकाठी बोलणारं दुसरं माणूस उरलेलं नव्हतं. शिवाय तिनं एकदा लिहिलं होतं, की घरात तिनं मोबाईल घेतलेला कुणाला खपत नाही, पण बेळगावच्या आक्कांशी बोलतोय म्हटलं की आत्ती काही म्हणत नाहीत. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. 'मी बाई नाही' एवढे तीन शब्द मी कितीदा तरी लिहिले आणि पुसले. तिच्या भल्यासाठी पुसले असं स्वतःला सांगत होतो. खरं तर मला ती गमवायची नव्हती.

असं दीड वर्ष गेलं. मग तिनं अननसाच्या नमुन्याचा चौकोनी रुमाल घेतला आणि कोपऱ्यावर अडली. मी फोटोमागून फोटो पाठवले, पण मी डावखुरा, तसं तिला लिहिलंही होतं, माझं सगळंच उलट्या दिशेनं जायचं, आणि तिला तो कोपरा उमगेना. शेवटी तिनं लिहिलं, की आत्तींचे डोळे दाखवायला निपाणीला येणार आहे, तुम्हीही या, समोर बसून शिकवा. मी हो म्हटलं. भेटल्या भेटल्या खरं काय ते सांगायचं, असं ठरवून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कोल्हापूरच्या गाडीत बसलो. संकेश्वर येईपर्यंत वाक्य पाठ झालं होतं.

निपाणीच्या स्टँडवर ती दिसली. मांडीवर रुमाल होता, त्यावरून ओळखली. शेजारी सासू, एका डोळ्यावर पट्टी. मी जवळ जाऊन, बेळगावहून आलोय, क्रोशाच्या कामासाठी, एवढं म्हणालो. पुढचं वाक्य तोंडात होतं, तोच म्हातारीनं विचारलं, "आक्कांचे मालक व्हय तुम्ही?"

म्हातारीसमोर खरं सांगितलं असतं, तर त्या संध्याकाळी सुनेचा मोबाईल गेला असता. हे मला दिसलं, आणि खोटं सोपंही वाटलं. मी हो म्हणालो. तिला बरं नाही, म्हणून मला पाठवलंय म्हणालो.

सुनेचा चेहरा उतरला. म्हातारीनं पिशवीतून नारळ, खण आणि तांदळाची पुरचुंडी काढली. आक्कांची ओटी भरायची म्हणून ती हे घरून घेऊन आली होती. आता तुम्हीच न्या म्हणाली. मी दोन्ही हातांनी ते घेतलं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सुनेनं रुमाल पुढं केला. कुठं चुकलंय ते आक्कांना दाखवा म्हणाली. घडी घालून पिशवीत टाकला असता तर सगळं निभावलं असतं. पण चूक डोळ्यांपुढं होती, दुसऱ्याच ओळीत, आणि माझा हात माझं ऐकत नाही. मी सुई घेतली, उसवलं, साखळ्या घातल्या, कोपरा वळवला. म्हातारी हसून म्हणाली, बाप्या माणसाला बी येतंय की गं. मी मान वर केली, तर सून रुमालाकडं बघतच नव्हती. ती माझ्या डाव्या हाताकडं बघत होती.

"आक्का बी डाव्याच हातानं विणत्यात, न्हवं?" तिनं विचारलं.

सुई अजून माझ्या डाव्याच हातात होती. तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत घातली.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "लाव गं फोन आक्कास्नी. दोन शबूद बोलतो मी."

फोन माझ्या खिशात होता. तिनं नंबर लावला असता तर तो तिथंच वाजला असता. तिनं मोबाईल कानाला धरला. त्याचा पडदा काळाच होता, तिनं काही दाबलंच नव्हतं. थोडा वेळ तसाच धरून ती म्हणाली, "उचलंना झाल्यात, आत्ती. झोपल्या असतील." हे म्हणताना तिच्या मानेपर्यंत रक्त चढलं होतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ती मी लावली.

त्यानंतर महिनाभर तिचा काही मजकूर आला नाही. मीही लिहिलं नाही, काय लिहिणार? ग्रुपवरूनही ती निघून गेली. मग एका दुपारी आला. "आत्ती रोज विचारत्यात आक्का कशा हाईत, फोन लाव म्हणत्यात. रोज काय सांगू? काल सांगून टाकलं, आक्का वारल्या. लई रडल्या आत्ती. आता लिहू नका."

मी लगेच उत्तर लिहिलं. माफी मागितली, पहिल्यापासूनचं सगळं खरं खरं लिहिलं. ते पोचलं नाही, तिनं माझा नंबर बंद करून टाकला होता. बायको गेली तेव्हा रडायला घर भरलं होतं. आक्का गेल्या, त्यांच्यासाठी बोरगावची एक म्हातारी तेवढी रडली, आणि तिला मी तोंडावर फसवलं होतं.