वेसण टोचलेला डायनासोर

गेल्या धानरोवण्याच्या दिवसांत आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, डायनासोर निघाला. मातीचा, भाजलेला, वीतभर उंच, आणि त्याच्या पाठीवर माणूस बसलेला. चिखलणी करताना तो सापडला माझ्या दिराला. दीर नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांची गाडी चालवतो आणि उरलेला वेळ मोबाइल पाहतो.

"पुरावा हाय हा, वहिनी," तो म्हणाला. "आपले पूर्वज याच्यावर बसून फिरत."

मी हळूच म्हटलं, लेकीच्या पुस्तकात तर लिहिलंय, हे प्राणी माणूस यायच्या कितीतरी आधी संपले.

"पुस्तकवाल्यानं आपली बांधी पाह्यली काय?"

चारचौघांत मोठ्यानं बोलायचं मला जमत नाही.

त्यानं बांधीभोवती दोरी बांधली. "लोकं पाहाले येतीन. आत कोणी पाय टाकू नका." माझा नवराही त्याच्याच बाजूचा. इकडे धानाचे पऱ्हे, रोवायची रोपं, पिवळे पडायला लागले होते. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी पाळीनं मिळतं, उद्या ते पुढच्या शेताकडे वळणार. आज रोवणा झाला नाही तर बांधी पडीक, आणि घरात खायचा तांदूळ त्याच बांधीतला. रोवणाऱ्या बाया बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून मला खुणावत होत्या, बोल ना. मी पदराचं टोक पिळत उभी.

बायांना दाखवायला दिरानं तो डायनासोर माझ्या हातात दिला. जवळून पाहिला तर नाकात काडीनं आरपार पाडलेलं भोक. खांद्यावर बैलासारखं वशिंडसुद्धा. दीर दरवर्षी तान्ह्या पोळ्यासाठी पोरांना मातीचे बैल करून देतो. हा करतानाही त्याचा हात सवयीनं चालला होता.

मला हसू फुटलं. आवरेचना. त्या हसण्यातच तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "काय जी भाऊजी, याले वेसण कोनं टोचली?"

एक म्हातारी वाकून पाहत म्हणाली, "अन् झूल कुठं ठेवली? पोळ्यात मिरवाचा व्हता ना!"

नवऱ्यानं आधी डायनासोरकडे पाहिलं, मग भावाकडे. "काऊन रे, आपल्याच चुलीत भाजला का?"

"चांगला भाजला ना पण?" दीर म्हणाला.

मी डायनासोर धुऱ्यावर ठेवला आणि दोरी सोडली. "चला बायांनो, उतरा," म्हटलं. बाया उतरल्या. ऊन कलायच्या आत बांधी हिरवी झाली. पऱ्ह्यांच्या पेंड्या बायांकडे फेकायचं काम दिराच्या गळ्यात पडलं.

"ओ भाऊ, झोपले काय? येऊ द्या इकडं!"

"फेकून राहिलो ना जी," गुडघाभर चिखलातून तो ओरडत होता, आणि बाया त्याला दम घेऊ देत नव्हत्या.