मांडवामागची गाडी

काळाचौकीच्या आमच्या खोलीत आईच्या खाटेखाली एक गोणी असायची. तिच्यात गाडीचे मेलेले पार्ट होते. घासून गेलेले ब्रेकचे लायनर, फाटलेले रबरी बुश, गळका वॉटर पंप, उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचं भेंडोळं. रे रोडच्या आमच्या गॅरेजवाल्याची पद्धतच आहे, जुना पार्ट काढला की प्लास्टिकच्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नवीन खरंच टाकलाय, फसवलेलं नाही, याचा तो पुरावा. मी त्या पिशव्या भंगारात न देता घरी आणत गेलो. एवढे पैसे गेले, त्याचं काहीतरी घरात राहावं, एवढाच माझा विचार असणार. आईला पाणी द्यायला वाकलो की गोणी दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच सहा वर्षांची होती. त्यालाही अकरा वर्षं झाली. रंग मोतिया असल्याचं कागदांवर लिहिलेलं आहे. घेतली ती गणपतीला गावी जायला म्हणून. एरवी ती आमच्या गल्लीच्या बंद टोकाला, चाळीच्या भिंतीला लागून उभी. वर्षातून एकदा कोकण, अधूनमधून आईला घेऊन परळचा दवाखाना, बस. उभ्या गाडीला खर्च नसतो असं मला वाटायचं. उभी गाडी जास्त खाते, हे मला गॅरेजवाल्याने तीन वर्षं लागोपाठ समजावलं आणि तीन वर्षं मी त्याच्याशी वाद घातला.

पहिल्यांदा बॅटरी गेली, मग रेडिएटर. मग उंदीर आले. एसी बंद पडला तो तसाच ठेवला. खिडक्या उघडतात की, म्हटलं. दर वर्षी तेच काम आणि दर वर्षी पैसे जास्त. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलंय, पार्ट मिळत नाही, मागवावा लागतो, आणि मागवलेल्या पार्टला भाव विचारायची सोय नसते. मुलीने फार्मसीला ॲडमिशन घेतली त्या वर्षापासून तर मी गॅरेजच्या रस्त्याने जाणंच टाळायला लागलो. लोअर परळच्या ऑफिसातून घरी येताना उगाच वळसा घालून यायचो. गॅरेजवाला काही रस्त्यात अडवून पैसे मागणारा माणूस नव्हे. तरी मी वळसा घालायचो.

मग गाडी विकली का नाही? आईमुळे. चार वर्षांपूर्वी आई मोरीत घसरली आणि मणक्याची दोन हाडं चेपली. त्यानंतर तिला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. ट्रेनचं तिकीट गणपतीत मिळत नाही, मिळालं तरी तिला डब्यात चढवायचं कसं? पण या गाडीची पुढची सीट मागे पाडली की जवळजवळ आडवी होते. बायकोने त्या सीटच्या मापाची एक गोधडी शिवली, मधल्या खड्ड्यात जाड घडी घातली, आणि आई तीन वर्षं त्यावर झोपून गावी गेली. छताकडे बघत जायची. कोणतं वळण आलं, कुठली नदी आली, हे न बघता सांगायची आणि बहुतेक वेळा चुकायची. आम्ही दुरुस्त करत नसू.

गावचं घर काकाकडे. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ, सुपारीचे घोस, कवंडळं, हरणाची फुलं, रानातून जे मिळेल ते टांगायचं. कुठे काय टांगायचं ते आई ठरवायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ठरवत आलेली. अलीकडे चटईवर पडून बोट दाखवायची, पण ठरवायची तीच. बाकी वर्षभर तिचं मत कुणी विचारत नाही, मीसुद्धा नाही. ते दीड-दोन तास सगळं घर तिच्या बोटाकडे बघायचं.

गेल्या खेपेला घाटात गाडी तापली. दोनदा थांबलो. आई उन्हात आडवी पडून होती आणि मी बॉनेट उघडून त्या वाफेला शिव्या देत होतो. परत आल्यावर गॅरेजवाल्याने वॉटर पंप बदलला, पिशवी हातात दिली, आणि हात पुसता पुसता म्हणाला, "पुढच्या खेपेला क्लच पण बघून घेऊ, साहेब."

तेवढंच म्हणाला. ते वाक्य मी घरात कुणाला सांगितलं नाही.

यंदा पाऊस लागल्यावर आईला दवाखान्यात नेत होतो. पुलावर चढताना इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र पुढे जाईना. जळका वास आला. आई म्हणाली, "काय करपला रे?" मी म्हटलं, बाहेरचा वास आहे. त्याच संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअरबॉक्स खाली उतरवणं. एक माणूस हसत हसत सांगत होता की काम उघडलं की आणखी कामं निघतातच. त्या माणसाचा मला भयंकर राग आला. मी गॅरेजला गेलो नाही. विचारलं की आकडा कळणार, आकडा कळला की घरात सांगावा लागणार, आणि सांगितलं की आईच्या तोंडावर म्हणावं लागणार, यंदा जमत नाही. ते मला म्हणवेना.

तिकडे आईची तयारी सुरू झाली होती. आपण पोचेपर्यंत थांबा म्हणून काकाला फोनवर बजावून झालं, "मी येय्सर माटवी बांधू नकात." गोधडी उन्हात घालून झाली. मी हो हो करत होतो.

आणि मांडव आला. आमच्या गल्लीत मंडळाचा गणपती बसतो. महिनाभर आधी बांबू पडतात, एकदा का ते उभे राहिले की गल्लीचं बंद टोक तोंड शिवल्यासारखं होतं. माणूस आडवा होऊन जातो, गाडीचा प्रश्नच नाही. दर वर्षी बांबू यायच्या आधी मी गाडी काढून लाकडाच्या वखारींकडे नेऊन लावतो. यंदाही भिंतीवर खडूने लिहिलं होतं, गाड्या रविवारपर्यंत काढा. शनिवार आला, रविवार आला, मी खिडकीतून गाडीकडे बघत बसलो.

रविवारी दुपारी, बायको आणि मुलगी बाजारात गेल्या असताना, मंडळाचा सेक्रेटरी वर आला. तिशीतला मुलगा, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, गाडी काढताय ना? स्टार्ट होत नसेल तर सांगा, आपण चारपाच जण ढकलून मेन रोडला लावतो. दोन मिनिटांचं काम."

मी दार मागे ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हटलं, "राहू दे. यंदा आम्ही जात नाही."

"आजी पण नाही?"

"तिला झेपणार नाही. तुम्ही घाला मांडव."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. संध्याकाळपर्यंत बांबू उभे. मी खिडकीतून बघितलं, गाडीचं नुसतं टप दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. आता क्लचचं नाव काढायला नको होतं. गाडी बिघडलेली नव्हती, अडकलेली होती, आणि अडकवली होती दुसऱ्यांनी.

आईला मी तसंच सांगितलं. पोरांनी ऐकलं नाही, रविवार संपायच्या आधीच बांबू घातले, आता विसर्जनापर्यंत गाडी निघत नाही. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. "बरा," म्हणाली. एवढंच.

ऐकून भडकली ती बायको. भाड्याची गाडी बघा म्हणाली. मी एका ठिकाणी फोन केला, गणपतीतला दर ऐकला आणि म्हटलं, आईला दुसरी सीट जमायची नाही. माझ्याकडे सगळ्याला उत्तर तयार होतं. मग तिने राग काढला तो सेक्रेटरीवर. गॅलरीत उभी राहून अख्ख्या चाळीसमोर, "आजारी बाईचा विचार करायला नको? चाळीस वर्षं वर्गणी घेताय आमच्याकडून, एक गाडी निघेपर्यंत दम नव्हता?" तो खाली दोरी वळत होता. त्याने वर बघितलं. बायकोकडे नाही, तिच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे.  तो म्हणाला, "काकी, चुकलं आमचं. सॉरी." आणि परत दोरी वळायला लागला.

मी आत आलो आणि चहा मागितला.

गणपतीच्या दिवशी काकाच्या मुलाने व्हिडिओ कॉल लावला. खाली मांडवात स्पीकर, वर फोनचा बारका आवाज. बायकोने फोन आईच्या डोळ्यांसमोर धरला. माटवी बांधून झाली होती. आईने बोट वर केलं, काहीतरी इकडचं तिकडे करायला सांगत होती, पण तिकडे तिचा आवाज पोचत नव्हता आणि त्यांचे सगळे चेहरे हसून नुसते हात हलवत होते. मग रेंज गेली. आईचं बोट जरा वेळ तसंच वर राहिलं. बायको मोदकांचं बघायला गॅसकडे गेली, आणि आई माझ्याकडे न बघता म्हणाली,

"त्या पोराच्या एकदा पायां पड."

"कुठल्या?"

"तुझ्यासाठी गाळी खाल्ल्यान. दार ओढलंस म्हणान माका आयकाक येणा नाय काय?" मग तिने भिंतीकडे तोंड केलं. "माका सांगला असतस, तर मीच नको म्हटला असतंय."

तिची खाट दाराला लागून होती. बारा वर्षं ती खाट तिथेच होती. दार ओढून बोललो तेव्हा हे मला सुचलंच नाही. मी गोणीकडे बघत राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ." 

तुळशीच्या लग्नाआधी ती गेली. झोपेतच. सेक्रेटरी खांदा द्यायला सगळ्यात पुढे होता. त्याच्या पाया मी पडलो नाही. वयाने लहान, लोक काय म्हणतील, असली कारणं मी शोधून ठेवली होती.

मग मुलगी म्हणाली, बाबा, आता तरी गाडी विका. विकायची तर चालती हवी. बॅटरी उतरलेली होती. खाली गेलो तर सेक्रेटरी तिथेच उभा, काही न विचारता मागून हात लावायला आला. दोघांनी ढकलत ती मेन रोडपर्यंत नेली. खरंच दोन मिनिटांचं काम होतं. बायकोने गॅलरीतून ते बघितलं. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. त्यानंतर ती बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

धक्क्यावर गाडी सुरू झाली आणि मी ती कशीबशी रे रोडला नेली. गॅरेजवाल्याला म्हटलं, क्लच गेलाय, पूर्ण उघडायला लागेल, काय खर्च येतो तो आधी सांग. शेवटी विचारलं मी. त्याने एक चक्कर मारली, गाडीखाली आडवा झाला, पाना फिरवल्याचा आवाज आला, परत एक चक्कर मारून आला.

"क्लच कुठे गेलाय? केबल टाइट झाली होती, पॅडलला प्ले नव्हता, क्लच कायम थोडा दाबलेलाच राहायचा, म्हणून स्लिप मारत होती. ढिली केली. प्लेट अजून दोन गणपती आरामात काढेल."

मी सवयीने हात पुढे केला आणि म्हणालो, "जुना पार्ट?"

तो हसला. "बदललं काहीच नाही, साहेब. पिशवीत काय घालू?"

पैसे विचारले तर नको म्हणाला, चहा पाजा म्हणाला. मग टायर बघायला वाकला तेव्हा त्याला खिडकीतून पुढची सीट दिसली. मागे पाडलेली, गोधडी तशीच अंथरलेली. गावी जाणार म्हणून आईने ती उन्हात घालून आधीच सीटवर टाकायला लावली होती. मांडव आल्यापासून ती तिथेच होती. कडेला बुरशी धरली होती.

"आईंना यंदा घाटात त्रास नाही ना झाला?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "यंदा काहीच त्रास झाला नाही."