दावं कोनं शे?

“दावं कोनं शे?”

जनावर दवाखान्याच्या आवारात शिरलं की नानांचा पहिला प्रश्न हा, गळ्यातलं दावं कोणाचं. त्याला काय झालंय, चारा कधीपासून सोडलाय, हे सगळं नंतर. विचारताना डावा डोळा बारीक व्हायचा आणि नजर माणसाच्या हातातल्या दोरावर जायची.

मी तेव्हा धुळ्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कारकून होतो आणि नाना ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बुजऱ्या बैलाला खोड्यात घालायचं, ही त्यांची कामं. गाव पिंपळनेरकडचं. रोज सायकलवर डबा लटकवून शहरातल्या खोलीवरून यायचे आणि शनिवारी गावी जायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, जो हातात चहा दिला तरी आधी हुंगून बघतो. नाना तसले. कापसाची गुंडाळी लवकर संपली की माझ्या टेबलाचा खण उघडून आत डोकवायचे.

“नाना, तो कापूस घरी नेऊन मी काय गादी भरू?” मी एकदा चिडून विचारलं.

“काय सांगता येस, भाऊ,” ते म्हणाले, आणि खालचा खणही बघून घेतला.

पंचाईत अशी की त्यांचा संशय बहुतेक वेळा खरा ठरायचा. एकदा एक जण बैल घेऊन आला. बैल आपल्याच मालकीचा असा डॉक्टरांचा कागद त्याला हवा होता. नानांनी बैलाच्या गळ्यातलं दावं चाचपलं. “गाठ डाव्या हातनी शे. तू उजवा.” गडी तिथेच घामाघूम झाला. वाटणी व्हायच्या आत डावखुऱ्या भावाच्या गोठ्यातला बैल सोडून आणला होता.

“जनावर खोटं बोलत नही,” नाना मला म्हणाले. “मानूस बोलस.”

दाव्याचं त्यांना एवढं का, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे बैल विकला तरी त्याच्यासोबत दावं देत नाहीत. विकणारा ते गळ्यातून सोडून घरी नेतो आणि घेणारा आपलं दावं घेऊन येतो. जो सोडून घरी नेतो तो मालक, एवढा सरळ हिशेब.

रंगीत टीव्ही घरोघरी येत होते तेव्हाची गोष्ट. शहरात एक नवीन दुकान निघालं होतं, काचेच्या पेटीत मासे, जाळीच्या पिंजऱ्यात ससे आणि कुत्र्याची पांढरी केसाळ पिल्लं. उन्हाळ्यात दुकानदार शटर ओढून लग्नाला सुरतेला गेला तो आठ दिवस आलाच नाही. आतून केकाटणं ऐकून शेजाऱ्यांनी हवालदाराला बोलावलं. कुलूप तोडलं तेव्हा दोन ससे आणि एक पिल्लू एवढंच जिवंत होतं. ते खोक्यात घालून हवालदार आमच्याकडे आला. ससे दुपारपर्यंत गेले. पिल्लू नुसतं कातडं होतं, डोळे चिकटलेले, मागचा भाग हगवणीने भरलेला.

आमच्याकडे सगळ्या सुया बैलांच्या. नानांनी मीठसाखरेच्या पाण्यात कापसाची वात बुडवून पिल्लाच्या जिभेवर थेंब थेंब पाडला. दिवसभर दुसरं काही केलं नाही. मी केसपेपर भरायला घेतला तसे ते तिथूनच ओरडले, “मालकनं नाव लिखू नको!” तो रकाना मी रिकामा ठेवला.

चौथ्या दिवशी पिल्लाने मान उचलली. नानांनी पट्टीच्या चिंध्या वळून बोटभर जाडीचं पांढरं दावं केलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. संध्याकाळी ते पिशवीत घालून खोलीवर न्यायचे, सकाळी परत आणायचे.

मग वारस उगवले. दुकानदार परत आला. “माल माझा आहे, काका.” पाठोपाठ एक वकिलीणबाई आल्या. तेच पिल्लू त्यांच्या मुलीने महिन्यापूर्वी पसंत केलं होतं, इसारही दिला होता. दोघं व्हरांड्यात भांडले.

“दावं कोनं शे?” नानांनी दोघांना विचारलं.

“दावं कसलं? पिंजऱ्यात होतं ते,” दुकानदार म्हणाला.

“मंग आठ दिन पिंजरानी पानी पाजं का त्याले?”

दोघांना त्यांनी एकच सांगून घालवलं: अजून बरं नाही, हगवण चालू आहे. पुढे पंधरा दिवस केसपेपरवर हेच येत राहिलं. कचेरीत कुजबुज सुरू झाली. म्हातारा गिऱ्हाईक शोधतोय, असली कुत्री मालेगावला हातोहात जातात, ती पिशवी बघा. मला लाज वाटते, पण मीही ते खरं मानलं. खणात डोकावणाऱ्या माणसाचा हिशेब चुकता करायची संधी आली, असंही कुठेतरी वाटलं असणार.

एका दुपारी मी दवाखान्याच्या मागे गेलो. पिल्लू दुधात कुस्करलेली भाकरी चापत होतं. खाऊन झालं आणि दाव्याचं टोक तोंडात धरून नानांभोवती पळत सुटलं. हगवण कसली न् काय. नाना हसत होते. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, तरीही मी सरळ डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वारसांना बोलावलं. हवालदाराने खटल्याचा दम भरल्यावर दुकानदार मागे सरला आणि पिल्लू वकिलीणबाईंना द्यायचं ठरलं. बाई भल्या होत्या. नवा चामडी पट्टा घेऊन आल्या होत्या, तरी म्हणाल्या, “त्याची दोरी राहू द्या, काका. सवय झालीय त्याला.”

“दावं देत नही, बाई,” नाना म्हणाले.

त्यांनी खाली बसून गाठ सोडली. सुटायला वेळ लागला. दावं गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातलं. पलीकडे खोड्यापाशी बैल घेऊन उभा असलेला एक म्हातारा शेतकरी हे बघत होता. त्याने सहज विचारलं, “नाना, इकी टाकं का?”

नाना उठून त्याच्या बैलाकडे गेले. विकून टाकलं का, हे मालकालाच विचारतात. त्या शेतकऱ्याला जे एका नजरेत कळलं, ते मला, रकाना रिकामा ठेवणाऱ्याला, कळलं नव्हतं.

त्यानंतर नाना माझ्याशी नीट बोलत. चहा दिला तर न हुंगता पीत. माझ्या खणात मात्र त्यांनी पुन्हा कधी डोकावून पाहिलं नाही. मी दोनदा मुद्दाम कापूस आत ठेवला, तरी नाही.

पुढे माझी बदली जळगावला झाली आणि नाना निवृत्त झाले. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या गावी भेटायला गेलो. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, ओट्यावर बसवलं, मग गोठा दाखवायला नेलं. आता एकच गाय होती. भिंतीतल्या खुंटीवर आजवर विकलेल्या बैलांची दावी टांगलेली होती. धुळीने काळी पडलेली, मनगटाएवढी जाड. त्यात एक बोटभर जाडीचं होतं आणि ते तेवढं धुतलेलं होतं.

“हाई बारीक आमना कोनताच ढोरनं नही,” अक्का म्हणाल्या. “काढू देत नव्हतात. तुम्ही संगे व्हतात, भाऊ. तुम्हले माहीत व्हई. हाई दावं कोनं शे?”

“नानांचं,” मी म्हणालो.