अर्ध्या सिनेमाचा सूड

मी अर्धा सिनेमा पूर्ण समजले आणि त्या अर्ध्याच्या जोरावर माझ्या थोरल्या जावेवर सूड उगवायला निघाले. एवढं सांगून गप्प बसले तर माझी थोडी तरी अब्रू राहील. पण हल्ली नातवंडं तसले मारामारीचे सिनेमे फोनवर बघतात आणि मी डोकावले की म्हणतात, आजी, तुला नाही झेपायचं, फार रक्त आहे ह्यात. तेव्हा मला राहवत नाही. बाळांनो, तुमची आजी तसला सिनेमा बघून नुसती उठली नाही, हातात दांडपट्टा घेऊन चौकात उभी राहिली होती.

वीसेक वर्षं झाली असतील. मी पंचेचाळिशी ओलांडली होती. लेक उजवून झाली होती, मुलगा नोकरीला लागला होता, अक्कल यायला कुणाची हरकत नव्हती. ती काही आली नव्हती.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. त्या राहायला उचगावात, आम्ही शहरात, पेठेत. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. ती अक्कांनी शिकवली. सासऱ्यांपुढं कुठल्या आवाजात बोलायचं आणि त्यांच्या माघारी कुठल्या, हेही त्यांनीच शिकवलं. बाळंतपणात माझे केस त्या विंचरायच्या, आणि विंचरताना ओढायच्या. असं सगळं असताना आमचं बिनसलं ते एका पातेल्यावरून.

उचगावची जत्रा होती. लेकीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या नव्या विहीणबाई, पहिल्यांदाच जेवायला आल्या होत्या. पांढरा रस्सा मीच करणार असा हट्ट मी धरला. नारळाचं दूध घातलं आणि विहीणबाईंपाशी लेकीचं कौतुक सांगत बसले. खाली जाळ मोठा राहिला आणि रस्सा फाटला. अक्कांनी पळी बुडवली, वर उचलली, सगळ्यांच्या देखत परत पातेल्यात ओतली आणि म्हणाल्या, "हे झाडाला घाला. पावण्यांस्नी मी दुसरा करते." आणि केला. तो असा उतरला की विहीणबाईंनी पुन्हा पुन्हा मागून घेतला. झाडाचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. विहीणबाईंनी ताट पुढं केलं, ते मला लागलं.

त्या दिवसापासून मी उचगावला जाणं सोडलं. अक्कांशी बोलणंही सोडलं. सणाला ताट इकडून तिकडं जाईना. आमचे दोघे नवरे, सख्खे भाऊ, कळंब्याच्या तलावावर चोरून भेटून चहा प्यायचे, कॉलेजातल्या जोडप्यासारखे. घरी आल्यावर माझा नवरा उगाचच सांगायचा की आज ऑफिसात फार काम होतं.

अशात एका दुपारी मी सीडीच्या दुकानात गेले. तेव्हा सिनेमे भाड्यानं मिळायचे. मला हवा होता सासू-सुनेचा रडका सिनेमा. दुकानदार म्हणाला तो कुणीतरी नेलाय, हा न्या, ह्यातही बाईच मुख्य आहे. डबीवर करडा लांब कोट घातलेली एक बाई होती, हातात लाल छत्री. मी म्हटलं, असेल पावसातलं काहीतरी.

छत्रीच्या दांड्यात तलवार होती. त्या बाईच्या गुरूच्या घरी आणखी एक थोरली शिष्या असते. गुरू मरतो त्या दिवशी ही थोरली धाकटीचं मनगट मोडते आणि तिला भर बर्फात हाकलून देते. मग धाकटी डाव्या हातानं तलवार शिकते आणि थोरलीच्या एकेका माणसाला गाठून आडवं करते. देश कुठला ते हिंदी डबिंगनं कळू दिलं नाही. पण काय ते देखणेपण! रक्तसुद्धा असं उडायचं की कुणी रांगोळीचा हात मारावा. एवढी माणसं कापून बाईचा एक केस जागचा हलत नव्हता. माझा अंबाडा पीठ मळतानाही सुटायचा. मी मांडीवर लसूण घेऊन सोलायला बसले होते, तो तसाच राहिला. थोरली आणि धाकटी पडद्यावर होत्या, पण मला मात्र दिसत होतं ते उचगावचं स्वयंपाकघर.

आता माझी चूक. त्या काळी एक सिनेमा दोन सीडींत मावायचा. हा सिनेमा मुळातच दोन भागांचा होता, आणि दुकानदारानं दिला होता तो पहिला भाग, दोन सीडींचा. मी एक सीडी बघितली, दुसरी बघितली आणि समजले, झाले दोन भाग. शेवटी धाकटी एका दारापाशी येते, दार सरकवते, आत थोरली पाठमोरी बसलेली असते. अंधार. नावं सुरू. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, पुढचं कुठं आहे? मला वाटलं, वा, ह्याला म्हणतात कला, शेवट आपल्यावर सोडलाय. पुढच्या भिशीला मी सगळ्या बायकांना समजावून सांगितलं की परदेशी सिनेमात शेवट असा हातात आणून देत नाहीत, प्रेक्षकानं तो स्वतः करायचा असतो. त्या पोहे खात माना डोलवत होत्या.

तर शेवट मी करायला घेतला.

आमच्या पेठेतल्या तालमीत एक वस्ताद मर्दानी खेळ शिकवायचे. लाठी, तलवार, पट्टा. कॉलेजच्या पोरींची एक तुकडी होती, तीत मी जाऊन उभी राहिले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय अशी थाप मारली. वस्तादांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाले, मावशी, चालायला जावा की रंकाळ्यावर. पण मी हटले नाही. सुरुवातीला लाठी माझ्याच नडगीवर बसायची. पुढं हात वळला. मग पट्टा आला. त्याला लोखंडाचा खोबळा असतो, त्यात कोपरापर्यंत हात जातो, आणि पुढं लवलवतं लांब पातं. तो पहिल्यांदा फिरवला आणि हवेतून सूं असा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, अंगावर करडा कोटच काय तो कमी आहे. अंगावर होतं काष्ट्याचं नऊवारी, त्याचीही एक निरी सुटलेली.

घरी मी गच्चीवर सराव करायची. कपड्यांच्या दोऱ्या किती तुटल्या त्याचा हिशेब नको. वाळवणाचे सांडगे एकदा शेजारच्या गच्चीत गेले. नवऱ्यानं कधी विचारलं नाही की हे कशासाठी. फक्त त्या दिवसांत तो स्वतःचं ताट स्वतः घासायला लागला.

मर्दानी खेळात एक कसब दाखवतात. एक जण तळहातावर लिंबू धरून बसतो, दुसरा पट्टा फिरवत येतो आणि लिंबाचे दोन तुकडे करतो, हाताला ओरखडा न येऊ देता. वस्तादांचा नियम होता की लिंबू धरणारा घरचाच हवा, किंवा तालमीतला. परक्याच्या हातावर पातं उतरवायचं नाही. ह्या नियमानंच माझ्या डोक्यात किडा सोडला. अक्का घरच्याच होत्या की. आणि अक्का सुईला भ्यायच्या. एकदा दवाखान्यात इंजेक्शन म्हटल्यावर मागच्या दारानं निघून थेट बसस्टॉपवर गेल्या होत्या. सुईला भिणारी बाई पट्ट्यापुढं हात धरणार नाही. मी भर चौकात, माईकवरून, मानानं त्यांना बोलावणार. त्या नाही म्हणणार. शेजारी विहीणबाई बसलेल्या असणार. झालं, फाटलेल्या रश्शाची फेड.

लिंबू मी तालमीत दुधी भोपळ्यावर ठेवून कापत होते. लिंबू कापलं जायचं. बहुतेक वेळा भोपळाही.

शिवजयंतीला चौकात मांडव पडला. उचगावला निरोप मी नवऱ्याकरवी धाडला. त्याला एवढा आनंद झाला की माझ्या मनात पाप असेल अशी शंकाही त्याला आली नाही. अक्का आल्या. हिरवं काठापदराचं लुगडं नेसून, विहीणबाईंच्या शेजारी, पुढच्या रांगेत. बोलल्या नाहीत, पण मी फेटा बांधून उभी राहिले तेव्हा त्यांनी तो नीट आहे का ते मान वाकडी करून बघितलं.

पोरींच्या लाठ्या झाल्या. हलगी तापली. माझी पाळी आली तेव्हा वस्तादांच्या हातातला माईक मी मागून घेतला आणि म्हटलं, आज लिंबू माझ्या थोरल्या जाऊबाई धरतील. वस्तादांचं तोंड उघडंच राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अक्कांकडं बघितलं आणि वाट बघू लागले.

अक्कांनी हातातली पिशवी विहीणबाईंकडं दिली. चपला काढल्या. पदर खोचला आणि आल्या. मांडी घालून बसल्या, उजवा तळहात पदराला पुसला आणि पुढं केला. वस्तादांनी नाइलाजानं त्यावर लिंबू ठेवलं. मी जवळ गेले तेव्हा त्या हळूच, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बांगड्या काढू का गं?"

सिनेमात असलं कुणी विचारत नाही. तिथं थोरली पाठमोरी बसते, दिवे जातात, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत घरी जातो. इथं लख्ख ऊन होतं आणि पुढं तो हात होता. भाकरी थापून तळव्याचं कातडं जाड झालेला, करंगळीपाशी चटक्याचा जुना डाग असलेला. त्या हातावर लिंबू स्थिर होतं. हलत होतं ते माझं पातं.

मी पट्टा फिरवायला सुरुवात केली. एक फेरा घेतला. हलगीवाला जोरात. आणखी एक फेरा घेतला. आता उतरवायचं, म्हणून पाय टाकला आणि तो परत मागं घेतला. लोकांना वाटलं मी रंगत आणतेय. मी खरं तर दुधी भोपळा आठवत होते. चौकाला इतके फेरे घातले की हलगीवाल्याचा दम गेला, पण पातं काही खाली येईना. अक्का लिंबाकडं बघत बसलेल्या. शेवटी मी थांबले, खोबळ्यातून हात उपसला, पट्टा जमिनीवर ठेवला आणि, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून, अक्कांच्या पाया पडले.

आता सगळे हसतील असं मला वाटलं. पण वस्ताद जुने खेळाडू. त्यांनी माईक खेचला आणि म्हणाले, बघा, ही आपली रीत, हातात हत्यार असलं तरी थोरल्यांपुढं ते खाली ठेवायचं. अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत. कुणीतरी फुलं टाकली. विहीणबाईंनी डोळे पुसले. त्या वर्षी पेठेत माझं नाव झालं ते संस्कारी सून म्हणून. हळदीकुंकवाला बायका आपल्या सुनांना माझा दाखला द्यायच्या, आणि मी खाली मान घालून वाण घ्यायची. लोकांना ती नम्रता वाटायची.

खेळ झाल्यावर अक्का आमच्या घरी आल्या. चहा त्यांनीच केला. त्यांनी एवढंच विचारलं की हे पट्ट्याचं खूळ आलं कुठून. मी सिनेमा सांगितला, थोरलीचा भाग जरा सौम्य करून. त्या म्हणाल्या, मग पुढं काय होतं? मी म्हटलं, पुढं काही नाही, ती कला आहे. अक्का म्हणाल्या, कसली कला, सीडी गहाळ केली असेल तू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदारानं कपाटातली डबी काढून बघितली आणि सांगितलं की काकी, हा पहिला भाग, दुसरा तुम्ही नेलाच नाही. भिशीतल्या पोह्यांसकट ते माझं सगळं व्याख्यान मला आठवलं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना अक्कांचे खांदे हलत होते.

दुपारी दार लावून आम्ही दुसरा भाग बघायला बसलो. त्यात मारामारी फारशी नव्हती. दार सरकतं, थोरली वळते, तिचे केस पांढरे झालेले असतात. दोघी समोरासमोर बसून पुष्कळ बोलतात. मनगट का मोडलं तेही कळतं. गुरूच्या मरणाचा आळ धाकटीवर येणार असतो. ती तिथं थांबली असती तर लोकांनी तिला सोडलं नसतं, म्हणून थोरलीनं मनगट मोडून तिला परत फिरायला वाटच ठेवली नव्हती. मग धाकटीची तलवार निघते आणि थोरली नुसती बसून राहते.

मी पदर तोंडाला लावून रडत होते. अक्का शेंगा सोलत होत्या. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, अक्का, खरं सांगा, त्या दिवशी चौकात तुम्हाला माझी भीती नाही वाटली? त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या,

"तुझा हात लटपटतोय ते मला खुर्चीवरनंच दिसलंतं, धाकटे. तू खरंच कापणार असतीस, तर मी कशाला उठतेय जागची?"