मूघा टू पॉची सुटका

सेर गे वैतागली होती, आणि तिचा वैताग रास्त होता. सकाळपासून ती शाळेच्या ओसरीवर गावच्या जाणत्या मंडळींना कारभार शिकवत होती, आणि मंडळी सुपारी चघळत माना डोलवत होती. "कळलं का?" विचारलं की "हो थारामू." "नाही कळलं का?" विचारलं तरी "हो थारामू." कॅरेन माणूस मास्तरीणबाईला नाही म्हणत नाही. त्यापेक्षा तो डुलकी काढतो. दोघातिघांनी तर भिंतीला पाठ टेकून रीतसर झोप काढली होती.

लढाईत बर्मी फौजेने गाव जाळलं तेव्हा ती आईच्या पाठीवर बसून साल्विन नदीपलीकडे, थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत गेली. तिथेच वाढली, तिथेच शिकली. आता शस्त्रसंधी झाली म्हणून छावणीतली शिकलेली पोरं आपापल्या डोंगरात येऊन गावोगावच्या कारभाऱ्यांना हक्क, कायदा, निवडणूक शिकवू लागली होती. सेर गेने हट्टाने आपलंच गाव मागून घेतलं, ते मावशीसाठी.

या मावशीला, मूघा टू पॉला, मुखियापण नकोसं झालं होतं. आधी तिचा नवरा मुखिया होता. वाटेत कुठे बंडखोरांचा सुरुंग फुटला की फौजेचे शिपाई मुखियाला जाब विचारत, आणि अशाच एका जाबात तो गेला. मग एकही बाप्या पुढे येईना. 'बाईला कमी मारतात' असं म्हणून गावाने ते लोढणं विधवेच्याच गळ्यात अडकवलं. कमी म्हणजे किती, ते तिच्या न वळणाऱ्या डाव्या हाताला विचारावं. "यातून सोडव गं पोरी," ती आल्याआल्या भाचीला म्हणाली, आणि सेर गेने शब्द दिला.

"चांगला मुखिया कसा असावा?" सेर गेने फळ्यापाशी उभं राहून विचारलं. प्रामाणिक, दूरदृष्टीचा, अशी उत्तरं तिला हवी होती.

"बर्मी बोलता यावं," एक म्हातारा म्हणाला.

"घरात लहान पोरं नसावीत."

"मार खाताना उलट बोलू नये."

"काका, आता कोण मारतंय तुम्हाला?"

"हो थारामू," म्हातारा म्हणाला आणि त्याने नवी सुपारी फोडली.

शेवटच्या दिवशी खरंखुरं मतदान ठेवलं होतं. मावशीच्या विरोधात सेर गेने क्ले सेला उभं केलं. तरणाबांड गडी, चार बुकं शिकलेला, बर्मी फाडफाड बोलणारा. त्याला नाही म्हणता आलं नाही, म्हणून तो उभा राहिला. चटईच्या आडोशाला दोन बांबूच्या नळ्या ठेवल्या, घरटी एक मक्याचा दाणा दिला. इथवर सगळं पुस्तकात होतं तसं झालं. पुस्तकात क्ले सेची बायको मात्र नव्हती. ती तान्ह्याला झोळीत घेऊन घरोघर फिरत होती. "माझ्या नवऱ्याने तुमचं काय वाकडं केलंय? त्याला मत देऊ नका हो!"

नळ्या उपड्या केल्या. मावशी एका दाण्याने निवडून आली. सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या क्ले सेने, आणि त्याची बायको तर चक्क रडली. गाव हसतखेळत पांगलं. एका थकल्या म्हातारीला पुन्हा पुढे ढकलल्याची लाज कुणाच्याही तोंडावर दिसेना. सेर गेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भेकड आहेत सगळे!" घरी येताच ती कडाडली. "एक दाणा, मूघा! एक दाणा इकडचा तिकडे झाला असता तर तू सुटली होतीस. कुणी टाकला असेल तो?"

मावशी चुलीवर भात ढवळत होती. "मी टाकला," ती म्हणाली.

"तू? स्वतःलाच?"

"त्याच्या नळीपर्यंत हात गेला होता गं. पण त्याची पोरं अजून एवढीएवढीशी आहेत."

"अगं, पण लढाई संपलीय! शस्त्रसंधी झालीय! किती वेळा सांगू तुम्हाला? आता मुखियाला कुणी हात लावत नाही. माझ्यावर एवढाही विश्वास नाही का तुझा?" सेर गेचा आवाज फाटला. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता.

मावशीने पळी बाजूला ठेवली. दाराशी सेर गेची बांधलेली पिशवी होती. सकाळच्या नावेने ती नदीपलीकडे परतणार होती.

"बरं, संपली म्हणू," मावशी म्हणाली. "मग तू राहतेस का इथे?"