दुसरी चूल

सरोजिनीबाईंचं मनगट पडून वाकडं झालं, असं आमच्या चेरीताल मोहल्ल्यात कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. त्यांच्या थोरल्या दिरानं, भय्यासाहेबानं, ते पहारीनं मोडलं होतं.

त्याच्या पणजोबाला भोसल्यांच्या चाकरीबद्दल चौदा खोल्यांचं घर मिळालेलं, आणि त्यावर घरपट्टी माफ. अट एकच: घर एकत्र हवं, म्हणजे चूल एकच हवी. शेजारी माझ्या मातीच्या दोन खोल्या. मी, तुळशीराम, बैलगाडीची चाकं करायचो आणि दरसाल पट्टी भरायचो. तलवार चालवली पणजोबानं, फुकट राहणार पणतू, आणि रस्त्यावरचे दिवे लागणार माझ्या पैशानं! हा न्याय मला कधी पटला नाही.

नवरा वारल्यावर सरोजिनीबाईंना त्या घरात जेवण सगळ्यांच्या शेवटी आणि मार सगळ्यांच्या आधी. विधवेला नवऱ्याचा वाटा देणारा कायदा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी, अडतीस साली, त्यांनी मागच्या खोलीत आपली वेगळी चूल घातली. भय्यासाहेबानं लाथेनं फोडली. त्यांनी पुन्हा घातली, त्यानं पुन्हा फोडली. तिसऱ्या वेळी त्या आडव्या आल्या आणि पहार हातावर बसली. हाड मोडल्याचं मी माझ्या अंगणात ऐकलं. लाकूड तासायचा वाकस हातात धरून नुसता उभा राहिलो, याची लाज अजून वाटते.

"काहून एवढा हट्ट करून राहिल्या, बाई?" माझ्या बायकोनं, पुष्पानं, हळद लावता लावता विचारलं.

"कोर्टात वाटा मागितला की म्हणतात, कागद दाखव. दोन चुली दिसल्या तर पट्टी लागंल. पट्टी लागली तर माझ्या नावाची पावती निघंल."

चैत्रात नगरपालिकेचा मुन्शी तपासणीला आला. त्याच सकाळी बाईंनी एका हातानं अंगणात तीन विटा मांडून जाळ केला होता. मुन्शीला गल्लीत पाहताच भय्यासाहेब धावला. त्यानं लाथ घातली, निखारे उडाले. बाईंनी जळतं लाकूड उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. त्यानं त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं. या वेळी मात्र मी कुंपण ओलांडलं आणि त्याला मागून आवळून धरलं.

मुन्शी दारात थबकला. "घर में चूल्हे कितने हैं?"

"एक," भय्यासाहेब ओठावरचं रक्त पुसत म्हणाला. त्याच्या धोतराचा सोगा धुमसत होता.

"तो ये आग किसकी है?"

"मेरी," बाई म्हणाल्या. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. "सरोजिनी. लिखो."

माफी गेली. पट्टी दोन नावांवर लागली. भरायला मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पावती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली: सरोजिनी, निम्मं घर. कचेरीच्या पायरीवर बसून त्या मोठ्यानं रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चला, तुळशीरामभाऊ. घरी जाऊन माती कालवायची आहे."